पहिल्या खेपेला किती दिवस राहावं?

प्रश्न : आमचा एकुलता एक मुलगा आणि सून चार वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टला आहेत. दोघंही नोकरी करतात. मुलगा म्हणतो, ‘तीन महिन्यांसाठीच या, व्हिसा तेवढा मिळतो.’ ह्यांना साखर आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मला मराठी आणि थोडं कानडी सोडून काही येत नाही. दिवसभर घरात बसून करायचं काय? सुनेला अडचण तर होणार नाही? कधी जावं, काय न्यावं, तेही सांगा.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, जा. पोरगा एवढ्या मायेनं बोलावतोय, तर जायलाच हवं. पण पहिल्या खेपेला तीन महिने राहू नका, सहा आठवडे पुष्कळ झाले. नियम असा आहे की कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. ही सरकारनं घातलेली हद्द आहे. तेवढं राहिलंच पाहिजे असं कुठे आहे?

आम्ही लेकीकडे म्युनिकला पहिल्यांदा गेलो तेव्हा ८५ दिवस राहिलो. पन्नासाव्या दिवसानंतर मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. सोलापुरात आमच्या भवानी पेठेत सकाळी दार उघडलं की दूधवाला कानडीत बोलतो, समोरची तेलुगूत हाक मारते, आपण मराठीत उत्तर देतो. तिथे दार उघडलं की जिना, आणि जिन्यात कुणी नाही. लेक आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायची, दार लावून. एकदा चहा घेऊन दार ढकललं तर तिनं मान न वळवता हातानंच ‘थांब’ म्हटलं. समोर पडद्यावर सहा माणसं होती. मी कप तसाच परत आणला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. तिच्या मनात काही नव्हतं, हे उमगायला मला आठवडा लागला. तुमच्याकडे हे होण्याआधी मुलाला विचारून ठेवा : दार लावलं असेल तर काय समजायचं, जेवणाची वेळ कोणती, रात्री किती वाजता निजता?

रविवारचंही विचारा. तिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि आवाज केलेला खपत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी शेंगा भाजल्या, लसूण-तिखट घेतलं आणि सोलापूरहून नेलेल्या लोखंडी खलबत्त्यात चटणी कुटायला बसले. घराला लाकडी जमीन. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. लेक त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मला एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी मी वाटीभर चटणी घेऊन लेकीबरोबर खाली गेले. आजींनी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण वाटी ठेवून घेतली. पुढे जिन्यात भेटल्या की थांबायच्या.

म्हणून भाषेची भीती सोडा. आपण सोलापूरची माणसं तीन भाषांच्या गल्लीत वाढलो, समोरच्याच्या तोंडाकडे बघून निम्मं कळतं आपल्याला. ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’, ‘माफ करा’ एवढं जर्मन भाषेत शिकून जा. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, मोबाइल ऐन वेळी बंद पडतो.

दिवसभर करायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे. घरातलं एक काम रोजचं म्हणून मागून घ्या, आणि तेवढंच करा. सगळा स्वयंपाक ताब्यात घेऊ नका. आमच्या ह्यांनी बाटल्यांचं काम घेतलं. तिथे पाण्याच्या, सरबताच्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या भोकात घातली की ते ओढून घेतं, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दिली की पैसे. हे पिशवी घेऊन एकटे जायचे. सोलापुरात रोज सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाणारा माणूस, त्याला जायला जागा मिळाली. परत आले की चिठ्ठीवरचा आकडा सांगायचे.

ह्यांच्या औषधांचं मात्र मनावर घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या, आणि हे सगळं विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. तो काढताना साखर आणि रक्तदाब लपवू नका. जुन्या आजारामुळे अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर खर्च मिळेल का, हे लेखी विचारा. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागा, त्यात कमीपणा नाही. पहिल्या वेळी मुंबईहून थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या.

जायचं ते मे-जूनमध्ये. इथे उन्हानं जीव नको होतो तेव्हा तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, जेवून सगळ्यांना फिरायला जाता येतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि जानेवारीत तुमचं मन गड्ड्याच्या यात्रेत अडकणार. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा ऐन वेळेपर्यंत थांबू नका.

पेढे, तूप, खव्याचं काहीही नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. आंबे आणि कढीपत्ताही घरीच ठेवा. शेंगाचटणी, कडक भाकरी, मेतकूट खुशाल न्या. भाकऱ्या डब्यात घाला, पिशवीत चुरा होतो.

आता सुनेबद्दल. तुमच्या पत्रात ‘मुलगा म्हणतो’ आहे. ती काय म्हणते ते कुठेच नाही. तारीख ठरवायच्या आधी तिला स्वतंत्र फोन करा, मुलामार्फत नको. ‘तुझ्या कामाची गडबड कधी कमी असते, तेव्हा येतो,’ एवढंच म्हणा आणि ती बोलेल ते ऐका. उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेतीन म्हणजे तिचे बारा, तेव्हा ती जेवायला उठत असेल.