गाणं समजावून सांगू नकोस

अगं,

तुझी नवीन गाणी काल रात्री हेडफोन लावून नीट ऐकली. बीट्स झकास जमल्यात, सिंथचे आवाज पहिल्या अल्बमपेक्षा कितीतरी पक्के झालेत, त्यावर मला काही म्हणायचंच नाहीये. शब्दांवर मात्र बोलायचंय. आणि त्याआधी एक काम कर, पेट शॉप बॉइज या ब्रिटिश सिंथ-पॉप जोडीचा 'अ‍ॅक्चुअली' सलग ऐक, शफल बंद करून. सप्टेंबर १९८७ चा अल्बम, त्यांचा दुसरा, म्हणजे तू आत्ता जिथे उभी आहेस तिथलाच.

'रेंट' घे. एक माणूस दुसऱ्याच्या पैशावर जगतंय, भाडं दुसरंच कुणीतरी भरतंय, आणि हे सगळं ते जगणारं माणूस स्वतःच शांतपणे सांगतंय. रडारड नाही, तक्रार नाही. प्रेम आहे की व्यवहार हे शेवटपर्यंत कळत नाही, कारण मला वाटतं त्या माणसालाही ते वेगळं काढता येत नसावं. आता तुझं भाड्याच्या खोलीचं गाणं बघ. मालकीण दारात उभी राहून चावी मागते तिथपर्यंत मी जागची हलले नाही, इतकं ते खरं होतं, आणि मग पुढच्याच ओळीत तू 'या शहराला काळीज नाही' म्हणून मोकळी झालीस. अगं, चावी मागितली तेव्हाच कळलं होतं ना आम्हाला!

'शॉपिंग'मध्ये त्यांनी काय केलंय बघ. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंचं सरकार सरकारी कंपन्या विकत होतं, १९८४ ला ब्रिटिश टेलिकॉम, १९८६ ला ब्रिटिश गॅस, आणि गाणं आहे त्या खरेदीत हात धुऊन घेणाऱ्यांच्या तोंडी. ते खुशीत आहेत, कोरसमध्ये नुसतं 'शॉपिंग'चं स्पेलिंग म्हणतायत. राग आपल्याला येतो, गाणाऱ्याला नाही. हे जमायला फार अवघड आहे पण तुला जमेल, तुझा कान तसा आहे.

'इट्स अ सिन' तुला माहीतच असणार, तीन आठवडे ब्रिटनमध्ये नंबर वन होतं. त्यांचा गायक नील टेनंट न्यूकॅसलच्या कॅथलिक शाळेत शिकला, तिथली ती सतत अपराधी वाटायला लावणारी शिकवण, आणि त्यावर गडगडाट करणारं डान्सचं गाणं, शेवटी चक्क लॅटिन प्रार्थना. म्हणजे विषय जड आहे म्हणून चाल संथ करायची गरज नाही, तू दोनदा तेच केलंयस.

आणि 'किंग्ज क्रॉस', शेवटचं गाणं, माझं सगळ्यात लाडकं. उत्तरेकडून लंडनला येणाऱ्या गाड्या त्या स्टेशनात थांबतात, टेनंट स्वतः तिकडचाच. काम शोधायला आलेली माणसं जिथे उतरतात त्या जागेचं फक्त नाव घेतलंय आणि सगळी हताशा त्यात येते. अल्बम आल्यावर दोनेक महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, तिथल्या भुयारी स्टेशनात आग लागून ३१ माणसं गेली, त्यानंतर ते गाणं ऐकणं लोकांना जड गेलं असणार.

डुएटचं विचारलं होतंस. घाई करू नकोस. 'व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस' त्यांच्याकडे पहिल्या अल्बमच्या आधीपासून होतं, पण सोबतीला आवाज साठच्या दशकातली गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड हिचाच हवा होता, ती मिळेना म्हणून गाणं तसंच ठेवून दिलं आणि दुसऱ्या अल्बममध्ये घेतलं. ती आत येते तो क्षण ऐक, मग दुसऱ्या कुणाला का घेतलं नाही ते कळेल. तुला ज्या मुलीचा आवाज हवाय तिची परीक्षा संपू दे, थांब तोवर.

आता काम. खोलीचं गाणं परत उघड, काळजाची ओळ काढ आणि दुसरं कडवं मालकिणीच्या तोंडून लिही, तिच्या बाजूने, तिला जराही वाईट न ठरवता. बीट आहे तोच ठेव. रविवारपर्यंत फोनवरच रेकॉर्ड करून पाठव, मिक्स नसलं तरी चालेल.