मासे सगळ्यात शेवटी आण

टाकी घेतलीस, छान केलंस. पण मासे आणायची घाई करू नकोस, एवढं माझं ऐक. झाडं लाव, फिल्टर चोवीस तास चालू ठेव, रोज चिमूटभर खाद्य टाक आणि 4 ते 6 आठवडे थांब. खाद्य कुजून अमोनिया तयार होतो; त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला तेवढा वेळ लागतोच. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मासे आण, तेही थोडे थोडे.

झाडांत अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन घे. अनुबियासचं जाडसर आडवं खोड वाळूत पुरू नकोस, सडतं. लाकडाला शिवणाच्या दोऱ्याने बांध, मुळं हळूहळू पकड घेतात. क्रिप्टोची पानं सुरुवातीला काचेसारखी होऊन विरघळली तरी उपटू नकोस. मी उपटली होती. खाली पांढरी, टवटवीत मुळं निघाली. अजून हळहळ वाटते.

लाइट 7 तास पुरे, नाहीतर शेवाळ माजतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी बदलताना अँटिक्लोरीन घालच.

आणि हीटर! आपल्या नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 च्या खाली जातो, टेट्रा माशांना ते सोसत नाही. लिटरमागे साधारण 1 वॉट धर, 25 अंशांवर लाव. पाणी काढण्याआधी मात्र बटण बंद कर. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते.