फेरी की प्रदक्षिणा? आणि कमी वेळेचा ‘उच्चांक’ कसा?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडातल्या ‘बॉब ग्रॅहम राउंड’ या डोंगरांतल्या लांब पल्ल्याच्या पळण्याबद्दल मराठीत लिहायचंय. ‘राउंड’ला प्रदक्षिणा म्हणू का? आणि सगळ्यांत कमी वेळेला ‘उच्चांक’ कसं म्हणायचं?

प्रदक्षिणा नको. त्यात ‘दक्षिण’ म्हणजे उजवी बाजू आहे; देव उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं, ही अट शब्दातच आली. बॉब ग्रॅहमची अट निराळी. केसविक गावातल्या मूट हॉलपासून निघायचं, ४२ डोंगरमाथे करून २४ तासांच्या आत तिथेच परतायचं. सुलट पळा नाहीतर उलट, दोन्ही चालतं. दोन माथ्यांमधली वाट आपली आपण शोधायची. मात्र दर माथ्यावर साक्षीला सोबती हवा.

म्हणून ‘फेरी’. प्रभातफेरी, एसटीची फेरी, वासुदेवाची फेरी: दिशेचं बंधन कुठेच नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला जातो तीही लेखी प्रदक्षिणा, पण नाशकात त्र्यंबकच्या गाडीच्या रांगेत लोक विचारतात, “फेरीला का?” (एकदा बाटली मागे राहिली म्हणून चिखलातून शंभरेक पावलं उलटा आलो, तर समोरून येणाऱ्या आजी थबकल्या: “उलटा नको येऊ रे बाबा, फेरी मोडती.” शब्द फेरीचा, नियम प्रदक्षिणेचा!)

आता उच्चांक. १९३२ साली ग्रॅहमने २४ तासांत ४२ माथे केले, तेव्हा मोजणी माथ्यांची होती. तीच मोजणी पुढे किम कॉलिसनने २०२० मध्ये ७८ वर नेली. आकडा चढतो, तिथे उच्चांक चपखल बसतो. पण तेच ४२ माथे कोण लवकर करतो, अशीही चुरस लागली. बिली ब्लँडने १९८२ मध्ये १३ तास ५३ मिनिटं घेतली. २०१८ मध्ये किलियन जॉर्नेटने १२ तास ५२. इथे आकडा उतरतो. वर्तमानपत्रं तरीही उच्चांकच छापतात, ते रूढ आहे, चूक म्हणणार नाही. ‘नीचांक’ मात्र निफाडच्या पाऱ्यालाच राहू दे.

मी ‘विक्रम’ लिहीन. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. तीन पावलांत सगळं व्यापणारा वामन तो त्रिविक्रम. माथे वाढोत की मिनिटं घटोत, हा शब्द अडत नाही. तुमचं वाक्य असं करा: ‘जॉर्नेटने ब्लँडचा ३६ वर्षांपूर्वीचा फेरीचा विक्रम एक तास एका मिनिटाने मोडला.’