सुटावर सूट

प्रश्न : धाकट्याच्या लग्नासाठी सुटाचं कापड बघायला लक्ष्मी रस्त्यावर गेलो होतो. एका दुकानाच्या काचेवर लिहिलं होतं, 'सुटावर २० टक्के सूट'. सातवीतल्या नातीनं विचारलं, हे दोन्ही शब्द एकच का? त्यात थोरल्याच्या ऑफिसच्या पत्रात 'फॉलो सूट' आलं. तिथे कपड्यांचा काय संबंध?
– एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, नातीला आधी शाबासकी द्या. शब्द दोन आहेत. सवलतीची सूट आपली, 'सुटणे'मधून आलेली. अंगावरचा सूट इंग्रजी. 'सूट मिळाली' आणि 'सूट मिळाला' म्हणून बघा, लिंगावरूनच फरक कळेल.

इंग्रजी सूट फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. तिथल्या मूळ क्रियापदाचा अर्थ मागोमाग जाणे. त्याचं संस्कृतातलं भावंड म्हणजे 'सच्' हा धातू, सोबत असणे. आपला 'सचिव' त्यातलाच. म्हणून नुसता कोट म्हणजे सूट नव्हे. सोबतीला त्याच कापडाची पँट हवी, वर जाकीटही शिवलं की थ्री-पीस.

हे मला वडिलांच्या कटिंगच्या टेबलाशी कळलं, शब्दकोश पुढे कॉलेजात हाती आला. नारायण पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकानं आधी कोटाचं कापड दिलं आणि दोन महिन्यांनी त्याच नंबरचं पँटचं आणलं. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखीच करडी. वडिलांनी ती उचलून दारात उन्हाला धरली, तेव्हा एकात निळसर झाक निघाली. "लॉट वेगळा आहे साहेब. पँट शिवतो, पण सूट म्हणून नाही देणार." गिऱ्हाईक कापड घेऊन निघून गेलं. वडिलांना शिलाई बुडाल्याचं वाईट वाटलंच, पण त्यांनी त्याला परत हाक मारली नाही. सव्वातीन मीटर घ्या आणि एकाच ताग्यातून घ्या, हे ते प्रत्येकाला सांगत. उरलेली चिंधी पँटच्या खिशात घालून देत, पुढेमागे रफू करायची वेळ आली तर धागा त्याच कापडाचा मिळावा म्हणून.

'फॉलो सूट' पत्त्यांतून आलं. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट यांतल्या प्रत्येक रंगाला, म्हणजे तेरा पानांच्या संचाला, इंग्रजीत सूट म्हणतात. बदामाची उतारी झाली की हातात बदाम आहे तोवर बदामच टाकायचं, ते फॉलो सूट. ऑफिसच्या पत्रात त्याचा अर्थ, एकानं जे केलं तेच मागोमाग दुसऱ्यानं करणं.

शिवाजीनगर कोर्टातला 'सिव्हिल सूट' म्हणजे दिवाणी दावा. पाठपुरावा करण्याचा अर्थ त्यात उरला आहे. हॉटेलातल्या खोल्यांच्या संचाला मात्र 'स्वीट' म्हणायचं. मूळ तेच, स्पेलिंगच्या शेवटी एक 'ई' जास्त.

क्रियापद झालं की सूट म्हणजे शोभणं किंवा सोयीचं असणं. नवरदेवाला खुशाल 'इट सूट्स यू' म्हणा. 'सूट युवरसेल्फ' मात्र जपून. त्याचा अर्थ 'कर तुला हवं ते', आणि ऐकणाऱ्याला त्यात नाराजी लागते.

कापड अजून घ्यायचं असेल, तर दुपारी जा आणि दुकानदाराला सांगून तागा दाराशी, उजेडात उलगडून बघा.