बोट लागते का, ते आधी बघा

दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझ करावी का, रीलमध्ये दिसतं तसं खरंच असतं का आणि आतली स्वस्तातली केबिन चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या तीन क्रूझ झाल्यात, त्यातली एक आईला घेऊन सिंगापूरहून फुकेतला. तेवढ्यावरून सांगते.

आधी तारखेचं. दिवाळी टाळता आली तर टाळा. पाऊस थांबला म्हणजे अरबी समुद्र निवला असं नाही. 2009 मध्ये फयान चक्रीवादळ नोव्हेंबरात कोकणावर आलं, 2019 मध्ये ऐन दिवाळीत क्यार अरबी समुद्रात घोंघावत होतं. अशा वेळी कंपनी मार्ग बदलते, एखादं बंदर गाळते, आणि तो हक्क तिकिटाच्या अटींत तिने आधीच राखून ठेवलेला असतो. नाताळपासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र त्यामानाने पुष्कळ गरीब असतो.

मग एखाद्या रविवारी सगळ्यांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला जाऊन या. तासाभराचाच प्रवास आहे. ज्याचा चेहरा तेवढ्यात उतरेल त्याच्यासाठी केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ बघा. तिथे हेलकावे सगळ्यांत कमी. वरच्या मजल्यावरची, टोकाकडची बाल्कनीवाली केबिन रीलला छान, पोटाला वाईट.

रीलमध्ये खोटं काही नसतं हो, फक्त ते सगळं संध्याकाळी सहाचं असतं. आमच्या जहाजावर मागच्या डेकला कठड्याचा एक कोपरा होता, जिथून पाठीमागे नुसतं पाणी दिसायचं. सूर्यास्ताच्या आधी तिथे रांग. नवरे बायकांच्या पर्सा धरून उभे. एका बाईंनी ओढणी तीनदा उडवली, वारा उलटा होता, तिन्ही वेळा ती नवऱ्याच्या तोंडावर. त्या कोपऱ्यापासून दहा पावलांवर तरणतलाव होता आणि त्यात माणसं इतकी की पाणी शोधावं लागावं. तो भाग कोणाच्याच व्हिडिओत येत नाही.

आणि तुमच्या मुलांनी पाहिलेलं घसरगुंड्यांचं अजस्र जहाज बहुधा ‘आयकॉन ऑफ द सीज’ असणार. 2024 मध्ये मायामीहून सुरू झालेलं, 7,600 पर्यंत प्रवासी घेणारं. 2021 पासून मुंबईहून प्रवासी नेणारं ‘एम्प्रेस’ 1990 चं आहे आणि टनेजने, म्हणजे एकूण आकारमानाने, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं. त्यात कमीपणा काही नाही, पण मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या तासातच तोंडं वाकडी होतील. या व्हिडिओंचं वेड किती, तर 2023 च्या डिसेंबरात ‘सेरेनेड ऑफ द सीज’ 274 रात्रींच्या सफरीवर निघालं आणि टिकटॉकवर लोक त्यातल्या प्रवाशांना रोजच्या मालिकेतल्या पात्रांसारखे बघत बसले.

पैशांचं थोडक्यात: जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं धरून. कर, बंदराचे आकार, टिप, दारू, वायफाय, किनाऱ्यावरची सहल यातलं काय धरलंय आणि काय वेगळं, ते लेखी विचारा. आणि बंदर सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं मोबाइल नेटवर्क चुकून पकडलं तर बिल बघून बोट लागेल.

फुकेतला जहाज धक्क्याला लागलं नाही, लांब नांगरलं. किनाऱ्यावर छोट्या बोटीने जायचं, त्यासाठी नंबराचे स्टिकर. आमचा नंबर यायला साडेअकरा झाले, शेवटची परतीची बोट तीनची. फुकेत आम्ही एवढंच पाहिलं. पण बोट खालीवर होत होती, धडधाकट माणसं पाय टाकायला घाबरत होती आणि माझी बहात्तर वर्षांची, गुडघ्यांनी बेजार आई खलाशाचा हात धरून एका पावलात आत. “अगं, हा तर पडाव,” म्हणाली. तिला लहानपणी कोकणबोटीने गावी जाताना भर पाण्यात असंच पडावात उतरावं लागायचं. पुढची वीस मिनिटं मी पिशवीत तोंड घालून बसले होते आणि ती माझी पाठ चोळत होती.

मला स्वतःला खुपतं ते वेगळंच. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर पलीकडे गेलं की जहाजाला प्रक्रिया न केलेलं मैलापाणीही ठराविक वेगात चालताना समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय नियमाने मुभा आहे. प्रत्येक जहाज सोडतंच असं नाही, पण सोडलं तरी नियम मोडत नाही. हे कळल्यापासून डेकवरून निळं पाणी बघताना डोक्यात तेच येतं. इटलीच्या सरकारने 2021 मध्ये मोठी जहाजं व्हेनिस शहराजवळच्या कालव्यातून हटवली, ती उगाच नाही.

आता केबिन. आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवा घालवला की मिट्ट काळोख. आमच्या टीव्हीवर एका चॅनेलला जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र यायचं. पहाटे जाग आली की आई उजाडलंय का ते बघायला टीव्ही लावायची. चार रात्री समुद्रावर काढून तिने समुद्र असा पाहिला. त्यामुळे सासू-सासऱ्यांना खिडकीवाली घ्या, तुम्ही चौघं आतलीत झोपा.