तुमचे प्रश्न : एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीचं औषध, घर आणि हक्क

या वेळी एचआयव्हीसह जगणाऱ्या वाचकांची पत्रं घेतली आहेत. नावं आणि गावं वगळली आहेत. उत्तरांत ‘कायदा’ म्हटलं आहे तो एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. नाव नोंदवताना रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. नवरा हात उचलतो, म्हणून त्याला सांगितलेलं नाही. नर्सबाई म्हणतात, तुम्ही नाही सांगितलंत तर आम्ही सांगू. मूल ठेवू नका, असंही सुचवलं.

नर्सबाईंना तो अधिकार नाही. जोडीदाराला कळवू शकतात ते फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक, आणि तेही चार अटी पुऱ्या झाल्यावर. जोडीदाराला लागणीचा मोठा धोका असावा लागतो. तुम्हीच सांगावं म्हणून तुमचं समुपदेशन झालेलं असावं लागतं. तरीही तुम्ही सांगणार नाही, अशी त्यांची खात्री व्हावी लागते. आणि ‘आता आम्ही सांगणार आहोत’ हे तुम्हाला आधी कळवावं लागतं. त्यापुढे कलम ९ मध्ये खास बायकांचा उल्लेख करून म्हटलं आहे की, सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचंच नाही. म्हणून मारहाणीची गोष्ट समुपदेशकाच्या कानावर घाला आणि नोंदवून घ्या. कागदावर काही नसलं की या तरतुदीची आठवण कुणालाच होत नाही.

नवऱ्याची तपासणी मात्र व्हायला हवी. गरोदर बाईच्या नवऱ्यालाही तपासणीला बोलावतात, तेव्हा तुमच्या रिपोर्टचा विषय न काढता समुपदेशकाला त्याला बोलावता येतं.

मूल ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. माहितीपूर्ण संमतीशिवाय गरोदर बाईचा गर्भपात किंवा नसबंदी करायला कायद्यात बंदी आहे. औषध नसेल तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईचं आणि बाळाचं औषध नीट चाललं तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. पाचव्या महिन्यात गोळ्या सुरू केल्या तरी विषाणू दबायला वेळ हाताशी असतो. पण तो वाया घालवू नका, याच आठवड्यात एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, गाठा.

प्रश्न : सातव्या महिन्यात आहे. एआरटीची गोळी, लोहाची आणि कॅल्शियमची, सगळ्या रात्री झोपताना एकदमच घेते, म्हणजे विसर पडत नाही. चालेल ना?

नाही, हे आजच बदला. तुमची गोळी बहुधा टीएलडी असेल : टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. यातलं डोल्युटेग्रॅव्हिर पोटात लोह-कॅल्शियमला चिकटतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. गोळी रोज पोटात जाते, पुस्तिकेत एकही खाडा दिसत नाही आणि तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, चढतो. मग ‘गोळ्या बुडवतेस’ म्हणून बोलणी बाईलाच बसतात.

नियम असा : लोह-कॅल्शियमच्या २ तास आधी टीएलडी घ्यायची, नाहीतर त्यानंतर ६ तासांनी. सोपं वेळापत्रक म्हणजे सकाळी ७ ला टीएलडी (उपाशीपोटी चालते), साडेनऊला नाश्त्याबरोबर कॅल्शियम, दुपारी ४ ला लोह आणि रात्री जेवताना दुसरी कॅल्शियमची गोळी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊच नये, दोन्हींचा उपयोग कमी होतो. हे तास जमत नसतील तर टीएलडी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी भरल्या जेवणाबरोबर एकत्र चालतात, पण जेवणाबरोबरच. ही सवलत अ‍ॅसिडिटीच्या औषधाला नाही. ज्यात मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असतं, ती पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या जेवणासोबतही टीएलडीपासून लांबच ठेवायच्या, तेच २ आणि ६ तास.

टीएलडी घ्यायची राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला ४ तासांपेक्षा कमी उरले असतील तर सोडा. दोन एकदम घेऊ नका. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिर ५० ची वेगळी गोळी १२ तासांनी जास्तीची लागते. टीबीचे डॉक्टर वेगळे असतील तर हे त्यांना तुम्हीच सांगा.

प्रश्न : नवरा वारला. सासूनं माझं ताट-वाटी वेगळी काढली, मोरीजवळ झोपायला सांगते. दीर एका कागदावर सही मागतोय. दोन मुलं आहेत.

सही करू नका. तो कागद बहुधा हक्कसोडपत्राचा असतो. झेरॉक्स मागून घ्या आणि वकिलाला दाखवा. वकिलाचे पैसे लागणार नाहीत : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करायचा.

राहण्याचा हक्क एचआयव्ही कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. एकत्र राहत्या घरातून, किंवा त्याच्या एखाद्या भागातूनही, तुम्हाला बाहेर ठेवता येत नाही. घरातल्या सोयी भेदभावाशिवाय वापरता आल्या पाहिजेत. स्वयंपाकघर आणि मोरी त्यात आलीच. ताटातून, पाण्यातून, एका खोलीत झोपून एचआयव्ही पसरत नाही, हे सासूबाईंना समुपदेशकाच्या तोंडून ऐकवलं तर कधी कधी फरक पडतो. कधी पडतही नाही.

मालमत्तेचं म्हणाल तर, हिंदू वारसा कायद्यात नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याच्या मालमत्तेचे बायको, प्रत्येक मूल आणि त्याची आई असे समान वाटे पडतात. तुमच्या घरात चौघांना पाव-पाव. दिराचा त्यात वाटा नाही. दावा लावताना नाव उघड होईल ही भीती असेल तर टोपणनावानं आणि बंद दाराआड सुनावणी मागता येते.

प्रश्न : गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. न विचारता एचआयव्ही तपासला आणि ‘आमच्याकडे किट नाही’ म्हणून परत पाठवलं. केसपेपरवर लाल शाईनं लिहिलंय, सगळ्या वॉर्डानं वाचलं.

यात तीन उल्लंघनं आहेत : संमतीशिवाय तपासणी, उपचार नाकारणं आणि गुप्तता मोडणं. किटची सबब टिकत नाही. संरक्षक साहित्य आणि सुई टोचली तर ७२ तासांच्या आत सुरू करायचं २८ दिवसांचं औषध कर्मचाऱ्यांना पुरवणं, हे रुग्णालयाचंच काम आहे.

नकार लेखी मागा. दिला नाही तर तारीख, वेळ, कोण काय बोललं हे त्याच दिवशी लिहून काढा आणि केसपेपरचा फोटो ठेवा. २० किंवा जास्त माणसं असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी असावाच लागतो. आधी त्याच्याकडे अर्ज देऊन पोच घ्या. दाद लागली नाही तर राज्याच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. त्यानं ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो, तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात २४ तासांत. आदेश पाळला नाही तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तरी चालढकल झाली तर रोज ५,००० पर्यंत. अर्जात नुसतं ‘अन्याय झाला’ लिहू नका. ‘अमुक तारखेपर्यंत शस्त्रक्रिया करावी आणि केसपेपरवरची खूण काढावी’ अशी नेमकी मागणी लिहा. कुणाकडे जायचं ते कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.

प्रश्न : वय ३४. व्हायरल लोड दबलेला आहे. आणखी कुठली तपासणी लागते का?

गर्भाशयमुखाची. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत हा कर्करोग होण्याचा धोका सहा पट असतो आणि लोड दबलेला असला तरी तपासणी टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ती वयाच्या २५ व्या वर्षापासून सुरू व्हायला हवी, म्हणजे तुम्हाला उशीरच झाला आहे. एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी दर ३ ते ५ वर्षांनी करतात. ती जवळपास होत नसेल तर व्हीआयए करून घ्या : गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात, मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का बघतात. दुखत नाही, थोडं चुरचुरतं. डाग निघाला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. कर्करोगाआधीचा बदल असेल तर बहुतेकदा तिथल्या तिथे उपचार होतो आणि १२ महिन्यांनी पुन्हा तपासतात. पाळी संपल्यावर जा आणि एआरटी पुस्तिका सोबत न्या.