एकाच एनआयएस खात्याचा पासवर्ड लिनक्सवर चालतो, पण जुन्या सोलारिसवर चालत नाही. दोष कुठे शोधावा?

आपण लिहिले आहे त्यानुसार एनआयएसचा (खात्यांची माहिती एका जागी ठेवून नेटवर्कमधील सर्व यंत्रांना पुरवणाऱ्या सेवेचा) सर्व्हर लिनक्सवर आहे, लिनक्सच्या वर्कस्टेशनवर सर्वांना लॉगिन करता येते, परंतु सोलारिस ८ या युनिक्स प्रणालीच्या यंत्रांवर काही जणांनाच प्रवेश मिळतो आणि बाकीच्यांना ‘लॉगिन इनकरेक्ट’ असे उत्तर येते. यातला ‘काही जणांनाच’ हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एनआयएस डोमेनचे (यंत्रांच्या गटाचे) नाव चुकले असते किंवा यंत्राला सर्व्हरशी जोडणाऱ्या वायपीबाइंडला सर्व्हर सापडत नसता, तर सगळेच अडकले असते.

‘वायपीकॅट या आज्ञेत सगळी नावे दिसतात’ या पुराव्यावर मात्र विसंबू नये. ती आज्ञा थेट एनआयएसला विचारते. लॉगिन मात्र माहिती कुठे कुठे शोधावी हे ठरवणाऱ्या एनएसस्विचच्या फाइलमधील क्रमाने जाते. म्हणून सोलारिसवर अडलेल्या वापरकर्त्याचे नाव देऊन ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’ ही त्याच क्रमाने शोधणारी आज्ञा चालवावी. ओळ आली, तर नावाचा शोध ठीक आहे आणि अडचण पासवर्डच्या पडताळणीत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळेच अशा तपासात बराच वेळ वाया जातो.

आता एकेका खात्याची एनआयएसमधील नोंद दाखवणारी वायपीमॅच ही आज्ञा वापरून चालणाऱ्या एका आणि न चालणाऱ्या एका खात्याची ओळ शेजारी शेजारी ठेवून दुसरा, म्हणजे पासवर्डचा रकाना पाहावा. चालणाऱ्या खात्याचा हॅश (पासवर्डपासून बनवलेले सांकेतिक रूप) बहुधा १३ अक्षरांचा, म्हणजे जुन्या डीईएस पद्धतीचा असेल. न चालणाऱ्याचा लांबलचक असून त्याची सुरुवात डॉलर चिन्ह, ६ आणि पुन्हा डॉलर चिन्ह अशी असेल. ही एसएचए-५१२ पद्धत ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीमध्ये २.७ या आवृत्तीपासून आली. सोलारिस ८ ला ती कळत नाही, त्यामुळे पासवर्ड अचूक असूनही तो नाकारला जातो. (दोन्ही ओळींत नुसता ‘एक्स’ दिसला, तर हॅश शॅडो नावाच्या वेगळ्या नकाशात (एनआयएसच्या तक्त्यात) आहेत आणि सोलारिस तो नकाशा वाचत नाही, पण मग कोणालाच प्रवेश मिळाला नसता.)

एकाच नकाशात दोन प्रकारचे हॅश येतात याचे कारण असे, की वायपीपासडब्ल्यूडी या आज्ञेने पासवर्ड बदलताना नवा हॅश सर्व्हर बनवत नाही, तर ज्या यंत्रावर ती आज्ञा चालवली ते यंत्र बनवते आणि तयार हॅश सर्व्हरकडे पाठवते. खात्री करायची असेल, तर चाचणीच्या एका खात्याचा पासवर्ड आधी लिनक्सवरून आणि मग सोलारिसवरून बदलून दोन्ही वेळा तो रकाना पाहावा.

सर्वांना डीईएसवर आणणे हा सर्वांत सोपा उपाय असला, तरी मी तो सुचवणार नाही. त्यात पासवर्डची पहिली ८ अक्षरेच मोजली जातात, आणि एनआयएसचा नकाशा डोमेनमधील कोणालाही वाचता येतो. त्यापेक्षा नावे, गट आणि होम डिरेक्टरी एनआयएसकडेच ठेवून पासवर्डची पडताळणी पॅममार्फत (लॉगिनची पडताळणी हाताळणाऱ्या यंत्रणेमार्फत) कर्बेरॉसकडे (ओळख पटवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरकडे) सोपवावी, म्हणजे कोणत्या यंत्राला कोणता हॅश कळतो हा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने जुळवून घ्यावीत; ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक पडल्यास कर्बेरॉस मूळ मांडणीत प्रवेश नाकारतो, आणि तेव्हाही वापरकर्ता पासवर्डच चुकल्याची तक्रार घेऊन येतो.